शेजारच्या सीटवर बाबा

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी रस्ता बघून घरी आल्या आल्या घाईत टाकलेल्या पत्रात माझी एक चूक झाली. बाबांना माझं गाडी चालवणं पसंत पडलं, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. नीट आठवून पाहिलं आणि राहवेना, म्हणून हे दुसरं पत्र.

गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टरची जागा मला मिळाली आहे, पण खोऱ्यातल्या गावागावांत जीप स्वतः चालवत जावं लागेल, हे तुला माहीत आहेच. तीस वर्षं ट्रक चालवलेल्या बाबांचं म्हणणं, की असल्या रस्त्यांवर तुझं काम नाही. शेवटी एकदा रस्ता बघून तर येऊ, एवढ्यावर ते तयार झाले. गॅरेजवाल्या काकांची जीप मागून आणली. आई डबा मांडीवर घेऊन मागे बसली.

मोठा रस्ता सोडून आम्ही नदीकाठचा जुना रस्ता धरला. घाई कसलीच नव्हती. कालव्याच्या कडेने इतकं सावकाश गेलो, की एक सायकलवाली बाई आम्हाला मागे टाकून गेली आणि वर वळून हसली. लाकडी पुलाजवळ जेवलो, पाण्यात पाय सोडून बसलो. आईची चप्पल वाहून जाता जाता वाचली. पलीकडच्या उतारावरचं गवत वाऱ्याने नुसतं लोळत होतं. तोवर बाबांचं तोंड चालूच होतं. वळणावर हॉर्न दे, गिअर आधी टाक, चाक एवढं आवळू नकोस, ते काही पळून जात नाही.

पुलानंतर चढ लागला. एका बाजूला कडा, दुसरीकडे खाली नदी. तिथून बाबा एकदम गप्प. चोरून पाहिलं, तर डोळे मिटलेले. वर मेंढ्यांचा कळप आडवा आला, मी बराच वेळ थांबले, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. खालच्या गावात उतरेपर्यंत हेच. ताई, ज्या माणसाने धुक्यातून, चिखलातून ट्रक काढले, त्याला माझ्या शेजारी भीतीने डोळे मिटून बसावं लागलं. मी रोज त्या रस्त्यावर आणि ते घरी जीव मुठीत धरून, हे मला जमणार नाही. महिनाअखेरीस नकार कळवते.

आईला यातलं सांगू नकोस. दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बोलतेय मी, लिहितायत तुझे दाजी. मी बोलेन तेवढंच लिहायचं, मध्ये स्वतःची अक्कल घालायची नाही, असं बजावलंय. (घालत नाही. – दाजी)

अगं शहाणे, घरात एवढी शिकलेली तू एकटी, आणि तुला एवढं कळू नये? बाबा घाबरले की डोळे मिटत नाहीत, बटाट्याएवढे करतात. माझ्या लग्नात यांच्या मामांच्या गाडीत पुढे बसले, तर वाटभर पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. शेवटी मामांनी विचारलं, की व्याही, गाडी तुम्ही चालवताय की मी? बसमध्ये जागा रिकामी असली तरी ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभे. दुसऱ्याच्या हातात चाक असताना त्यांची पापणी लवलेली मी जन्मात पाहिली नाही.

मेंढ्या आल्या तरी डोळे उघडले नाहीत म्हणतेस. झोपलेल्या माणसाला झोपलेला म्हणायला आणखी कुठली परीक्षा द्यायची राहिली आहे तुझी? गुरांना तपासतेस तसं बापालाही जरा तपास. आईला विचार, नाहीतर सरळ त्यांनाच विचार. त्याआधी नकारबिकार कळवलास, तर येऊन कान उपटीन. (दुसरा कान मी. – दाजी)

जिवाला जप, आणि उत्तर लगेच टाक.

तुझी,
ताई


१८ मे

ती. ताईस व ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

दुरुस्तीची दुरुस्ती करते.

आईला विचारलं. ती म्हणाली, की झोपले होते म्हणजे काय, चांगले घोरत होते! जीपच्या घरघरीत तुला ऐकू आलं नसेल. मग बाबांकडे गेले. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, की लागला डोळा, जेवण जास्त झालं होतं. मी म्हटलं, की बसमध्ये तर तुम्ही जेवूनही झोपत नाही. त्यावर बराच वेळ एकाच गालाला साबण लावत राहिले. मग म्हणाले, की पुलापर्यंत पाहिलं, पुढे पाहायची गरज वाटली नाही.

ताई, मी स्वयंपाकघरात जाऊन नाचले! आईला धरून गिरकी घेतली, तिच्या हातांवरचं पीठ माझ्या केसांत. संध्याकाळी गॅरेजवाले काका सांगत होते, की त्या रविवारपासून बाबा येईल त्याला ऐकवतायत, आमची धाकटी घाटातून अशी गाडी काढते की बापाला झोप लागते. म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक, एक मी सोडून!

होकार कालच कळवला. नदीच्या पलीकडच्या काठानेही एक जुना रस्ता आहे, तो बघायचा राहिला, असं बाबा आता रोज म्हणतायत. तुम्ही दोघं सुट्टीत या. चौघांनाही फिरवून आणते, हॉर्न देत, गिअर वेळेवर टाकत.

दोघांचा लोभ आहे तो वाढताच राहो.

तुमची,
धाकटी

ता. क. महत्त्वाचंच राहिलं. काकांची जीप पुन्हा मागितली आहे. बाबा शेजारी, आई मागे, चाकावर मी. सोमवारी, तीन जूनला, सकाळी दवाखान्यात रुजू होणार आहे.