शुक्रवारची शपथ

शनिवार, १० जानेवारी

यांना अध्यक्ष केलं! आमच्या गावाच्या मस्कतमधल्या मंडळाचे. एकनाथभाऊ कायमचे गावी चाललेत, म्हणून. संध्याकाळी माणसं मुबारक म्हणायला आली. मी चहा देऊन लगेच किचनमध्ये गेले. हे नंतर म्हणाले, "तुला आनंद नाही झाला?"

कसला आनंद. येत्या शुक्रवारी शपथ. गावात देवळासमोर पडदा लावतात, हिंदू-मुसलमान सगळे जमतात आणि इथून व्हिडिओवर अध्यक्ष शपथ घेतो. आजवरचे सगळे अध्यक्ष हिंदू, सगळ्यांनी ग्रामदेवीच्या नारळावर हात ठेवला. हे पहिलेच मुसलमान. कुराण शरीफवर हात ठेवणार.

आणि शपथेतलं पहिलंच वाक्य — गावच्या कोणाचीही वाईट बातमी मी त्याच्या घरापासून लपवणार नाही.

रविवार, ११ जानेवारी

आमच्या गावचा देवेश अजून आयसीयूत. इथल्या रुसैलच्या गोदामात कामावर असताना वरून माल पडला डोक्यात, तेव्हापासून शुद्ध नाही. गावी त्याची आई एकटी — प्रभावतीकाकी. आमची आणि त्यांची पडवी एकाला एक लागून. मी तापाने फणफणले तर रात्रभर उशाशी बसणारी बाई ती.

मंडळाने ठरवलं, काकींना बीपी आहे, सांगायचं नाही. फोन करायचं काम माझ्याकडे. रोज करते. "देवेशचा मोबाइल बिघडलाय, काकी. डबल ड्युटी आहे." आज त्या म्हणाल्या, "काय गो हवाबी, आख्ख्या मस्कतात दुसरा मोबाइल नाय?" मी हसले. कशी हसले कोण जाणे. फोन ठेवून मोरीत जाऊन रडले.

सोमवार, १२ जानेवारी

यांना सरळ विचारलं, शपथ कशी घेणार? म्हणाले, "देवेश बरा होऊ दे, मग सांगूच ना. तो बरा झाला की खोटं राहतंच कुठे?"

आणि नाही झाला तर? हे विचारायची हिंमत झाली नाही. आमची आई म्हणायची, कुराणावर हात ठेवून खोटं बोललेल्याचं घर बसतं. मी काही अडाणी नाही, पण भीती वाटते त्याला काय करू? घर म्हणजे हेच की आम्ही तिघं. यांना शुगर आहे. लेक माहनूर रोज वादी कबीरच्या शाळेत बसने जाते, बसला पाच मिनिटं उशीर झाला तरी माझा जीव टांगणीला.

तिलाच विचारलं, कारण तिचा शाळेचा प्रोजेक्ट प्रेसिडेंट लोकांच्या शपथांवर आहे. म्हणाली, "मम्मी, अमेरिकेत बुक कंपल्सरी नाहीये. एकाने लॉ बुकवर घेतली. एकाने बुकच नाही ठेवला. आणि इंडियात देवाचं नाव नको असेल तर नुसतं... ते काय... प्रॉमिस टाइप बोलायचं."

वा! मी लगेच यांना सांगितलं, पुस्तकाशिवाय घ्या. म्हणाले, "अमेरिकेचं अमेरिकेत. आपल्या गावाला किताब दिसली पाहिजे. पहिला मुसलमान अध्यक्ष आणि तोच बिनकिताबाचा? लोक काय समजतील?"

मंगळवार, १३ जानेवारी

शेवटी आज एकनाथभाऊंच्या वादी अदाईच्या खोलीवर गेले. म्हटलं, भाऊ, यांनाही नारळावरच हात ठेवू द्या, पहिल्यापासूनची रीत आहे.

भाऊ म्हणाले, "वहिनी, म्हणजे नारळावर खोटं चालतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, तसं नाही हो.

"तसंच आहे. देवी काय डोळे मिटून बसलीय? मी ती शपथ घेतलेला माणूस. देवेशचं लपवायचं ठरवताना मीसुद्धा मान हलवली. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही मला." आणि मग हळूच, "वहिनी, मीपण घाबरलोय."

मला वाटलं होतं, ते तरी धीर देतील.

गुरुवार, १५ जानेवारी

डॉक्टर इन्शाल्ला म्हणाले. नुसतं इन्शाल्ला! यांनी कुराण शरीफचा जुजदान, वर गुंडाळायचं कापड, धुवायला दिला. धुतला. दोरीवर वाळत घालताना या अल्लाह, या अल्लाह, एवढंच तोंडात येत होतं.

शुक्रवार, १६ जानेवारी

जुम्म्याच्या नमाजानंतर सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. यांनी हात ठेवला, तोंड उघडलं, तोच पडद्यावर प्रभावतीकाकी पुढे आल्या. "थांब जाफर. तुला नाय इचारत. रोज मला फोन करते ती कुठाय?"

मी किचनच्या दारात होते. आठवडाभर यांच्या हातासाठी मरत होते मी. माझ्या हाताचं मनातही आलं नव्हतं.

"हवाबी, तू ठेव हात. आन् सांग, माझा देवेश कसा हाय?"

हात-तोंड-पाय धुऊन वजू करून आले. हात ठेवला आणि सांगितलं सगळं. रुसैल, डोकं, आयसीयू. आणि मी रोज खोटं बोलले तेही.

काकी पडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "जिता हाय ना?"

"आहे, काकी."

"मग आदी त्येच्या कानाला फोन लाव माझा. किती दिस झाले, आईचा आवाज नाय त्येच्या कानात."

एकनाथभाऊंनी खाली गाडी काढलीय. आयसीयूत आत सोडतील का माहीत नाही. निघते.