तिसरी बाई

१० नोव्हेंबर, रविवार

आजही सायकल अर्ध्यावरूनच सोडली. तोमर सरांनी टेकाडाच्या माथ्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि शिट्टी पुसत बसले. मी बुटाची लेस बांधायला घेतली. सुटलेली नव्हती.

माथ्यावर लोखंडी गेट आहे. त्याला पुढचं चाक टेकवून दोन्ही पाय पॅडलवर घेऊन उभं राहायचं, गेट धाडकन पडतं, की सुटायचं. सगळे तिथून सुटतात. मी मधल्या कट्ट्यावरून. पुढचे उंचवटे जमतात, वळण जमतं, धूळही खाऊन होते व्यवस्थित. फक्त माथ्यावर गेलं की पाय पॅडलवर येत नाहीत.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, पडलीस का. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले. ह्यांना आयोडीन लावायची हौस आहे.

१३ नोव्हें., बुध.

शाळेत दहावीच्या मुलींना कळलं. फळ्यावर उतार काढून कोन विचारत होते, तर मागच्या बाकावरून, "मैडम, आप वाली साइकिल उतारिए न इस पर." पोरींना कोणी सांगितलं देव जाणे. हसू दाबून कोन पूर्ण केला.

सांगणार तरी काय. डॉक्टर म्हणाले गुडघ्यासाठी सायकल चालवा. मी बुटकी, पाय टेकायला हवेत, म्हणून लक्ष्मी गेटच्या दुकानातून छोट्या चाकांची आणली. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही. मी भांडून पुढे टोपली बसवून घेतली. दुकानदार बिचारा हरकत घेत होता, की मैडम, यह रेस वाली है. मला वाटलं किंमत वाढवतोय. बबीना रोडवर तोमर सरांनी ती टोपलीवाली सायकल पाहिली, मोटरसायकल थांबवली आणि पोट धरून हसले. फौजेतून रिटायर झालेत, स्वतःच्या शेतात मातीचा ट्रॅक केलाय. "टोकरी उतारिए और इतवार को आइए."

गुडघ्याचं म्हणाल तर तो बरा आहे. बाकी सगळं दुखतं.

१७ नोव्हें., रवि.

मोठी बातमी. डिसेंबरात शर्यत, आपल्याच ट्रॅकवर. ग्वाल्हेर, दतियाहूनही लोक येणार. आणि चाळिशीच्या पुढच्या बायकांची वेगळी शर्यत, पण कमीत कमी तिघी सुटल्या तरच. नाहीतर रद्द.

तिघी म्हणजे आम्हीच. मिसेस चौहान, बबीना कॅन्टोन्मेंटच्या, नवरा सुभेदार. फरीदाबाजी, ब्लाउज-सूट शिवतात, माझ्याहून मोठ्या आणि माझ्याहून बेधडक. आणि मी, अर्ध्यावरून सुटणारी.

चौहान एरवी फार बोलत नाही. आज हात धरून म्हणाली, "हर स्पोर्ट्स डे पर मेडल की ट्रे मैं ही पकड़ती हूँ, दीदी. एक बार ट्रे कोई और पकड़े." जानेवारीत त्यांची बदली आहे. कुठे ते ठरलं नाही, पण तिथे असा ट्रॅक थोडाच असणार.

हो म्हणून आले. माथ्यावरून सुटेन म्हणून आले!

२४ नोव्हें., रवि.

चढले. गेटला चाक लावलं. खाली बघितलं. मग सायकल उचलून मागच्या बाजूने पायी उतरले. फरीदाबाजी पाणी पीत होत्या, त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गार्गीचा पुण्याहून फोन. लेकीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. "आई, आपको कुछ हो गया तो?" म्हटलं, झालंच आहे, म्हणून तर जाते.

१ डिसेंबर, रवि.

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

दुसऱ्या वळणाआधी मोठा उंचवटा आहे, त्याच्या पलीकडचं माथ्यावरून दिसत नाही. म्हणून वळणावर एकजण उभा राहतो. रस्ता मोकळा असला की "खाली!" असं ओरडायचं, मग तोमर सर गेट पाडतात. आज पाळी माझी.

चौहान एकटीच सुटली. उंचवट्यावरून उडाली ती झकास, आणि पलीकडे आपटली. आडवी, सायकल अंगावर, हलेना. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "खाली! खाली पडली! खाली!"

वर ऐकू गेलं फक्त खाली.

गेट पडलं. चौघंजण सुटले, पुढे फरीदाबाजी. उंचवट्यावर येताच त्यांना चौहान दिसली, त्यांनी हँडल सरळ बाहेर वळवलं, मागचे तिघे त्यांच्या मागोमाग, आणि सगळी वरात शेजारच्या शेतवाल्या कक्कांच्या वांग्यांत. कोणाला खरचटण्यापलीकडे काही नाही. चौहान तर उठून बसली होती, तिचा नुसता श्वास अडकला होता.

तोमर सर धावत आले. "मैडम, आपने ही तो बोला, खाली!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, सर, हमारी मराठी में खाली मतलब नीचे. फरीदाबाजी सरीतच बसून हसायला लागल्या, त्यांना उठवेना. कक्का काठी टेकत आले आणि मलाच म्हणाले, "काय बिन्नू, हमाए भटा काय कुचर दए?" म्हणजे, का गं पोरी, आमची वांगी का चेचलीस. अपराधी कोण हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. चेहऱ्यावरून असेल.

आजपासून ट्रॅकवर "खाली" बंद. "साफ" म्हणायचं.

एक गोष्ट मात्र मनात घोळतेय. इतकी वर्षं हिंदीत गणित शिकवते, हिंदीत भाजीवाल्यांशी भांडते, लेकीशीही निम्मं हिंदीच. मला वाटायचं आपली मराठी म्हणजे सणासुदीची, कपाटातल्या पैठणीसारखी. पण घाबरले तेव्हा तीच आली तोंडात. चौघांना वांग्यांत घातलं तिने, तरी बरं वाटलं. फार बरं वाटलं.

चेचलेली वांगी कक्कांनी आमच्याच गळ्यात मारली, पिशवी भरून. आणि घरी आणते तर दारात जाऊबाई. ह्यांच्या वहिनी त्या, वरच्या मजल्यावर राहतात, पण पिशवीचा वास त्यांना गच्चीतूनही येतो. "छट झाल्याशिवाय वांगी?" चातुर्मासापासून आमच्याकडे वांगं शिवत नाहीत, ते थेट चंपाषष्ठीला. मी म्हटलं, खायला नाही आणली, पडून आणली. त्यावर त्या जे बोलल्या ते लिहीत नाही. सारांश असा, की वयाला शोभत नाही.

७ डिसें., शनि. चंपाषष्ठी

त्यातली निम्मी टिकली. तळी उचलून झाली, भरीत-रोडगे झाले. वहिनींनी भरीत दोनदा घेतलं. म्हणाल्या, बी कमी आहे, गोड आहेत, पुन्हा पडशील तेव्हा सांग. हे ताटात बघून हसत होते.

८ डिसें., रवि.

फरीदाबाजींचा सल्ला: "जो बोलना है बोलो, बिस्मिल्लाह बोलो, गणपति बोलो, मगर बोलकर रुको मत." मी गणपती म्हटलं आणि थांबले. गेट पडलं, मी पाय टेकायला गेले, माथ्याची कड चुकली, आणि जागच्या जागी कोपरावर आडवी. न सुटताच पडणारी पहिलीच बाई असेन.

तोमर सर म्हणतात, भार मागे ठेवता म्हणून होतं. गेटवर टेका, पूर्ण टेका. टेकू गेला की सायकल आपोआप जाते, तुम्हाला काही करावं लागत नाही. गणितात पटतं. माथ्यावर पटत नाही.

ह्यांची आयोडीनची हौस फिटली.

१२ डिसें., गुरु.

मार्गशीर्षातला गुरुवार. हळदीकुंकवाला आपल्या मोजक्या मराठी बायका आल्या. कुंकू लावताना बाही सरकली, पट्टी दिसली. कोणीतरी विचारायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "स्वयंपाकघरात घसरली." मी म्हटलं, नाही, सायकलच्या शर्यतीची तयारी करताना पडले. मग रेल्वे कॉलनीतल्या एकीने विचारलं, किती उंचावरून. मान वर करून सांगितलं, चांगलं दुमजली. खोटं होतं, पण रागात निघून गेलं.

वहिनी बोलत नाहीत. मी सांभाळून घेत होते आणि तू मला चारचौघींत खोटं पाडलंस, असा राग. बरोबरच आहे त्यांचं. माझंही बरोबर आहे.

१५ डिसें., रवि.

दाट धुकं. सराव रद्द. केवढं हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची केवढी शरम.

चौहानचा फोन. काळ्या ट्रंकांवर नवऱ्याचं नाव-नंबर रंगवत बसली होती. शर्यतीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, चिडता तरी आलं असतं.

२१ डिसें., शनि.

ह्यांना खरं सांगून टाकलं. मी आजवर एकदाही माथ्यावरून आले नाही. उद्या सुटले नाही तर चौहान आणि फरीदाबाजी दोघींची शर्यत बुडते. सांगताना रडू आलं. पन्नाशीला टेकलेली बाई सायकलवरून रडते, काय म्हणावं.

ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "मी येतो उद्या. वहिनींनाही आणतो."

"वहिनींना कशाला?"

"त्यांच्यासमोर तू कधी माघार घेत नाहीस."

पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस काही न पाहता पेपर वाचतो असं मी समजत होते.

२२ डिसें., रवि. रात्री

अक्षर गचाळ येतंय, असू दे.

गर्दी बरीच. ह्यांनी वहिनींना खरंच आणलं. नऊवारी नाही, पण कडक इस्त्रीची कोसा साडी, कपाळाला आठ्या. तोमर सरांना त्या कोणी मोठ्या बाई वाटल्या. नमस्कार करून खुर्ची दिली आणि मेडलांचा ट्रे त्यांच्याच हातात दिला. चौहानने मला कोपराने ढोसलं. दोघी हसलो. माझं हसू टेकाडाच्या पायथ्यापर्यंत टिकलं.

माथ्यावर मी कडेला. गेट पडलं. त्या दोघी गेल्या. मी तिथेच. दोन्ही पाय जमिनीवर, ब्रेक आवळलेला.

खाली वहिनी ट्रे धरून वर बघत होत्या. मला मरून जावंसं वाटलं. तोमर सरांनी शिट्टी वाजवली आणि कोणाशीतरी बोलले. फेरसुरुवात एकदाच, दुसऱ्यांदाही सुटले नाही तर रद्द. चौहान आणि फरीदाबाजी पहिल्या उंचवट्याच्याही पुढे गेल्या होत्या. सायकली हातात धरून टेकाड परत चढून आल्या. चौहान धापा टाकत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं.

"दीदी, बीच में आ जाइए," एवढंच म्हणाली आणि आपली मधली जागा सोडून कडेला गेली.

मधे उभी राहिले. एका बाजूला तिचं कोपर, दुसऱ्या बाजूला फरीदाबाजींचं. पाय टेकायला जागाच नव्हती. म्हणून टेकले गेटवर, सगळा भार घालून. गणपती म्हटलं. गेट गेलं.

उतरणीचं काही आठवत नाही. वारा दातांत गेला, म्हणजे तोंड उघडं होतं. पहिला उंचवटा कधी आला कळलं नाही. वळणावर फरीदाबाजींच्या मागे होते, नंतर खूप मागे होते. चौहान पहिली, फरीदाबाजी दुसऱ्या. मी तिसरी, बऱ्याच वेळाने. लोक टाळ्या वाजवून थकले असतील.

वहिनी ट्रे घेऊन उभ्या. चौहानच्या गळ्यात मेडल पडलं तेव्हा ती सॅल्यूट करते की काय असं वाटलं, आणि मग ती ओंजळीत तोंड लपवून रडली. मी पण. फरीदाबाजी तेवढ्या फोटोसाठी नीट उभ्या.

माझ्या मेडलच्या वेळी वहिनी म्हणाल्या, "पहिल्यांदा का थांबली होतीस?" म्हटलं, भीती वाटली. त्या म्हणाल्या, "मला खालूनसुद्धा वाटत होती."

२४ डिसें., मंगळ.

तोमर सरांचा फोन. होळीच्या सुमाराला पुन्हा शर्यत ठेवायची म्हणतात. चौहान नसणार. बायकांच्या शर्यतीला मग दोघीच उरतो. "तीसरी ढूँढिए, मैडम."

स्वयंपाकघरात वहिनी मटार सोलत होत्या. हळदीकुंकवापासूनचा अबोला कधी संपला ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. फोन कशाचा, विचारलं. सांगितलं. बरं म्हणाल्या. शेंगा सोलत राहिल्या.

मग, मान खाली घालूनच, "साडीवर नाही ना चालत ती?"

नाही म्हटलं, साखळीत अडकते.

मी कणीक भिजवत होते, वर बघितलं नाही.

"आणि पंजाबी ड्रेसवर?"

ओढणी काढली तर चालतं, म्हटलं.

वहिनींच्या कपाटात पंजाबी ड्रेस एकही नाही, जन्मात कधी नव्हता. तोमर सरांना मी अजून काही कळवलेलं नाही.