एसीतला गिर्यारोहक

९ ऑगस्ट, शारजा
ऑक्टोबरमध्ये मी आणि प्रमिला इटलीला. समुद्रकाठची पाच गावं. डोंगरवाटेने एका गावातून दुसऱ्यात चालत जायचं आणि पोहोचलं की जेवायचं. आजवर प्रत्येक ॲन्युअल लीव्ह डोंबिवलीत गेली. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, आपल्या दातांची कामं. ही पहिली सुट्टी फक्त आमची, तीही लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. प्रमिलाची अट एकच. म्हणाली, जन्मभर मला गाडीने दारात सोडलंत आणि खाली थांबलात, एकदा माझ्या बरोबरीने चाला. डन म्हटलं. कॉलेजात मी हरिश्चंद्रगड केलाय. म्हणजे पायथ्यापर्यंत. वर धुकं होतं.

१६ ऑगस्ट
बाहेर भट्टी, म्हणून सराव मॉलमध्ये. सकाळी अर्धं शारजा तिथेच चालतं. तीन फेऱ्या मारल्या, घामाचा थेंब नाही. स्टॅमिना मुळातच असावा. चढाचा सराव एस्केलेटरवर केला. येताना कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवला, करक चहा आणि पराठा गाडीतच आला. खर्च झालेली एनर्जी भरून काढावी लागते.

३० ऑगस्ट
प्रमिला बिल्डिंगचे जिने चढते, पार गच्चीपर्यंत. ओव्हरट्रेनिंग बरं नाही, असं समजावलं. टोरांटोहून शुभ्राचा फोन. बाबा, प्लीज, ॲटलीस्ट ट्राय द स्टेअर्स, म्हणाली. मुलीलाही आईनेच फितवलंय. तरी उद्यापासून जिने.

२७ सप्टेंबर, रास अल खैमा
रंगीत तालीम. अख्खा डोंगर सर केला. गाडीने, पण वर कान बंद झाले, म्हणजे उंची खरी. प्रमिला पायवाटेने पुढे गेली. गाडी तापू नये म्हणून मी एसी लावून थांबलो. परतल्यावर म्हणाली, जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी शुभ्राला बोलावते, रागावणार नाही. न जमायला काय झालं? प्रश्न फक्त उष्णतेचा आहे. जिने उद्यापासून.

१२ ऑक्टोबर, इटली
हवा थंड. सुरुवातीलाच दगडी पायऱ्या. संपल्या वाटलं की वळण, आणि वळणापुढे पायऱ्या. द्राक्षमळ्याच्या भिंतीला टेकून बराच वेळ निसर्ग पाहिला. प्रमिला प्रत्येक वळणावर थांबून हसायची. मग नुसतीच थांबायला लागली. माझा नवा बूट चावत होता. मी खाली उतरून ट्रेनने पुढच्या गावात गेलो.

१३ ऑक्टोबर
बूट अजून चावतोय. ती चालत, मी ट्रेनने. टेबल धरायला कुणीतरी लागतंच. फोकाच्या नावाचा ब्रेड, पेस्तोची चटणी, तळलेले मासे, सगळं आधी चाखून ठेवलं. ती आली तेव्हा चाखून संपलं होतं. उद्या लग्नाचा वाढदिवस. डोंगरावरच्या चर्चपाशी एकत्र जेवायचं ठरलंय. बूट बदलले आहेत.

१४ ऑक्टोबर
ती सकाळीच पुढे गेली. दुपारी फोन केला, अर्ध्यात आलोय, पोचतोच. स्टेशनसमोरच्या कॅफेत होतो. ती बरं म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग आठवलं. पिकअपला सोपं पडावं म्हणून आमची लोकेशन्स कायम एकमेकांना दिसतात.

तेव्हा मात्र खरंच निघालो. छाती फुटेस्तोवर चढलो, कुठेही निसर्ग पाहिला नाही. भीती वाटत होती, आणि ती पायऱ्यांची नव्हती. चर्च दिसेना. प्रमिलाच उतरत आली. पिशवीत दोघांचं जेवण तसंच. माझ्याशेजारी पायरीवर बसली, माझा ब्रेड माझ्या हातात दिला. मी बुटाचं सांगू लागलो. राहू द्या, म्हणाली.

२५ ऑक्टोबर, शारजा
नवा निश्चय. रोज प्रमिलाबरोबर मॉलमध्ये चालायचं. तिथे चढ नाही. आज निघालोही, पण पार्किंग मिळेना. तिला दारात सोडलं. म्हटलं, ये तू, मी खाली थांबतो. ती म्हणाली, थांबू नका, मी टॅक्सीने येईन.