वाडी नाक्याहून परत

२ ऑक्टोबर १९७८

पुन्हा दुसरा! आणि पुढे पुन्हा तोच — धरमपेठेतला मुकुंद. बापाचं कापडाचं दुकान, अंगावर मांसाचा पत्ता नाही, पायात मामानं दिल्लीहून आणलेले बूट. माझे कॅनव्हासचे, अंगठ्याशी फाटलेले. शर्यत संपल्यावर घाम पुसत हसत आला आणि म्हणाला, छान पळालात काका. काका! मी सदतीस वर्षांचा आहे. आणि माझ्या बायकोला मात्र वहिनी म्हणतो. म्हणजे वच्छला माझी सून झाली की काय?

आमच्या व्यायाम मंडळाच्या रुपरावांनी दुसऱ्या नंबरचा स्टीलचा पेला दिला. घरात आता पेल्यांना तोटा नाही. पहिल्याला शील्ड मिळते, फोटो निघतो. मी घरी आल्या आल्या वच्छला नव्या पेल्यातून चहा प्यायली आणि म्हणाली, हा जरा मोठा आहे मागच्यापेक्षा.

३ ऑक्टोबर

झोप नाही. सारखं तेच डोक्यात. दौड निघते मंडळाच्या मैदानापासून, अमरावती रोडने वाडीच्या नाक्यापर्यंत जायचं, नाक्यावर ठेवलेल्या ड्रमला वळसा घालायचा आणि परत. काल मला नाका अजून दिसतही नव्हता, तोच हा समोरून परत येताना दिसला. इतक्यात? ड्रमपाशी मंडळाचा एकही माणूस नव्हता. कोण सांगणार तो तिथवर गेला होता की अर्ध्यातूनच फिरला?

वच्छलाला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, तो जवान पोरगा आहे, तुमच्यापेक्षा जोरात पळते, एवढंच.

एवढंच! चौदा वर्षांचा संसार, आणि बाजू कोणाची, तर त्याची.

१९ नोव्हेंबर

पहाटे फुटाळा तलावापर्यंत पळत जाऊन आलो. नेहमीचं कुत्रं नेहमीच्या कोपऱ्यावर मागे लागलं. नेहमीचा दूधवाला सायकलवरून ओरडला, "काहून पळून राहिले भाऊ, पोलीस लागले का मांगं?" रोज हाच विनोद. रोज स्वतःच हसतो.

तलावाच्या पाळीवर मुकुंद व्यायाम करत होता. मला पाहून हात केला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

कारखान्यात वेगळीच तऱ्हा. हिंगण्याच्या बसमध्ये बसलो की स्टोअरमधला अनंत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, मनोहरराव, यंदा तरी पहिला का? बस हसते. यांच्यातल्या एकाला बसमागे फर्लांगभर पळवावं, मग पाहावं कोण हसतं ते. पोटं सुटलीत एकेकाची.

१० डिसेंबर

आज मंडळाची बैठक. प्रजासत्ताक दिनाच्या दौडीत जो पहिला येईल त्याला यंदा मंडळ पुण्याच्या राज्य दौडीला पाठवणार आहे. पुणे! मला जायचं आहे. पुढच्या वर्षी मला प्रौढ गटात घालतील, निवृत्त मास्तर आणि मधुमेहवाले यांच्याबरोबर. म्हणजे हे शेवटचं.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की नाक्यावर प्रत्येकाच्या हातावर शिक्का मारावा. मंडळाचा रबरी शिक्का आहे, जांभळी शाई आहे. आल्यावर हात तपासावेत. शिक्का नाही, तर नंबर नाही. मुकुंद तेवढा म्हणाला, माझी काही हरकत नाही. शहाजोग!

रुपराव कुरकुरले. "तुमी बी कमाल करता मनोहरराव. जानेवारीच्या थंडीत नाक्यावर सकाळी सकाळी बसन कोण?"

मी म्हणालो, माझी बायको बसेल. बोलून गेलो खरा, पण त्यात चूक काय? दुसरा कोणी बसला तर मुकुंद गोड बोलून त्याला गुंडाळेल. वच्छलाला कोणी गुंडाळू शकत नाही. मी इतकी वर्षं प्रयत्न करतो आहे.

११ डिसेंबर

वच्छला म्हणते, मी नाही बसत. मला विचारलं होतं का? संध्याकाळपर्यंत एवढंच. मग मी मुकुंदचं एकेक सांगत गेलो — बूट, काका, ड्रम, ते हसणं — आणि जेवता जेवता तिनं एकदम ताट सारलं आणि म्हणाली, बसते. बसते बापा. आता जेवू द्या.

मला एकच धास्ती आहे. तो तिला वहिनी म्हणतो, पाणी मागतो, तब्येत विचारतो. ही विरघळायची. चार वेळा बजावलं की सगळ्यांना सारखा नियम, ओळखदेख काही नाही.

८ जानेवारी १९७९

पोटरी धरली आहे. अनंतला कळलं. बस हसली.

२५ जानेवारी

उद्या. वच्छलाने शाईची डबी आणि शिक्का पिशवीत ठेवला आहे, शाल काढून ठेवली आहे. मी तिला शिक्का कसा मारायचा ते दाखवायला गेलो तर म्हणाली, "मले येते." मला काहीच करू देत नाहीत या घरात.

२६ जानेवारी

पहिला! मी पहिला!

पण नंबर मिळाला कसा, ते नीट लिहून ठेवतो.

धुकं इतकं की दहा पावलांवरचं दिसेना. मुकुंद सुरुवातीलाच पुढे गेला आणि धुक्यात नाहीसा झाला. मी माझ्या चालीनं. पुढे रस्त्यावर कोणी नाही, फक्त ट्रकचे दिवे. मग धुक्यातून तो समोरून परत येताना दिसला — पुन्हा लवकर! आणि वर मला म्हणतो, चला काका, जोर लावा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच रागात नाका गाठला. वच्छला शाल गुंडाळून खुर्चीवर बसली होती, समोर टेबल. माझा हात ओढला आणि शिक्का दोनदा मारला, मनगटापर्यंत शाई पसरली. जरा हळू मार म्हणायलाही दम नव्हता.

मैदानावर पोचलो तेव्हा मुकुंद केव्हाचा येऊन बसला होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. रुपराव हात तपासायला आले. माझा पाहिला, जांभळा. तिसऱ्याचा पाहिला, जांभळा. मुकुंदने हात पुढे केला — काही नाही! कोरा! उलटा पालटा करून पाहिला. दुसरा हातही पाहिला. त्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता.

तो म्हणाला, मारला ना, वहिनींनी मारला, मला हाताला लागला. घामानं पुसला असेल. मी म्हणालो, आम्ही काय घामाऐवजी गुलाबपाणी गाळतो? हातच्या काकणाला आरसा कशाला! सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मग त्याच्याकडे. कोणी पाहिलं का याला नाक्यावर, असं रुपरावांनी विचारलं. धुक्यात कोण पाहणार?

मग वच्छलाची वाट पाहिली. मंडळाच्या टेम्पोतून ती उतरली. सगळा घोळका तिच्याभोवती. ही आता वहिनीपणा करणार, असंच वाटलं.

रुपराव म्हणाले, "वहिनी, हा मुकुंद आला होता का नाक्यावर?"

वच्छला त्याच्याकडे पाहत नव्हती. शाल सावरत म्हणाली, "म्या ज्यायले मारला, त्यायच्या हातावर हाये. पाहून घ्या."

बस्स. झालं. शील्ड मला. फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले आले असणार, फोटोवाला बावळट आहे.

एवढं मात्र खरं, तिनं ‘आला नव्हता’ असं सरळ सांगायला हवं होतं. आडून बोलायची काय गरज? पण ठीक. निदान आज ती माझ्या बाजूनं उभी राहिली.

२८ जानेवारी

मंडळाचा निर्णय. मुकुंदला वर्षभर कोणत्याही दौडीत घ्यायचं नाही. त्याच्या बापाला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं. बाप खाली मान घालून निघून गेला, मुकुंद मागे मागे.

वर्षच? कायमचं काढायला हवं होतं. ऑक्टोबरचं काय? त्याच्या आधीचं काय? त्या सगळ्या शील्ड परत मागायला पाहिजेत. मी तसं म्हणालो तर रुपराव म्हणतात, आता पुरे करा मनोहरराव. पुरे काय? चोराला पुरे कसं?

वच्छलाला घरी आल्यावर सगळं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती.

६ फेब्रुवारी

फुटाळ्यावर मुकुंद नाही. काल नव्हता, परवा नव्हता. लपून बसला आहे. दूधवाला म्हणाला, "तुमचा जोडीदार नाही दिसून राहिला भाऊ." जोडीदार! मी त्याला सांगितलं तो कसा जोडीदार आहे ते. अर्धं ऐकून निघून गेला. यांना ऐकायचंच नसतं.

बसमध्ये अनंत म्हणतो, शिक्का बायकोच्या हातात असल्यावर काय, कोणीही पहिला येईल. मी उठलो आणि त्याची कॉलर धरली. ड्रायव्हरनं बस थांबवली. पहिला आलो तरी यांचं तोंड बंद नाही, दुसरा आलो तरी नाही. घरी येऊन रात्री जेवेपर्यंत वच्छलाला तेच सांगितलं. अनंतचं, दूधवाल्याचं, मुकुंदचं. ती मधेच उठून अंगणात गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. काय आहे अंगणात?

११ फेब्रुवारी

आज हद्द झाली. सकाळी जवसाच्या तेलानं पोटऱ्या चोळत बसलो होतो, तर मुकुंद दारात. दाढी वाढलेली, चपला घातलेल्या. त्याच्या पायात चपला मी पहिल्यांदा पाहिल्या. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. आतल्या दाराकडे तोंड करून बोलला.

"वहिनी, मले शील्ड नाही पायजे, पुणं बी नाही पायजे. फक्त माया बाबाले एकडाव सांगा का मी नाक्यावर आलो होतो. ते मले दुकानात बसू नाही देऊन राहिले. चोर म्हणते मले."

वच्छला पिठाचे हात घेऊन दारात आली. तोंड उघडलं होतं तिनं. मी ओरडलो, तू आत जा! आणि त्याला म्हणालो की तुझा बाप बरोबरच म्हणतो, घरात बायामाणसांसमोर येऊन रडायला लाज वाटत नाही का, चल नीघ. तो क्षणभर थांबला. वच्छलाकडे पाहत होता, आणि वच्छला पिठाच्या हातांकडे. मग गेला.

काय निर्लज्ज माणूस! अजून खोटं रेटतो आहे. दुसरा एखादा असता तर माफी मागून मोकळा झाला असता, मीही मोठ्या मनानं सोडून दिलं असतं. पण नाही. दुपारभर वच्छलाला समजावलं की अशा माणसाची कीव करायची नसते. संध्याकाळच्या भाजीत मीठ नव्हतं.

२० फेब्रुवारी

मंडळानं नवे बूट दिले. डावा टोचतो.

मुकुंद म्हणे खाप्याला आत्याकडे गेला आहे. जाईल नाही तर काय! इथे तोंड कुठे दाखवणार? मी वच्छलाला म्हणालो, खाप्यातही दौड असेल तर शिक्क्याची सोय आहे का ते कळवायला पाहिजे. मला हसू आलं. ती हसली नाही. तिला विनोद कळत नाही.

२८ फेब्रुवारी

पळायला उठवत नाही. नवे बूट कोपऱ्यात. फुटाळ्यावर गेलो तरी पुढे कोणीच नाही, कोणाच्या रागानं पळायचं? तेही त्याच्यामुळेच. जाता जाता माझा सरावसुद्धा बिघडवून गेला. हे वच्छलाला सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिनं ऐकल्यासारखं दाखवलंच नाही.

२ मार्च

पुण्याची गाडी दुपारची. वच्छला दशम्या बांधत होती आणि मी सांगत होतो — तिकडेही मुकुंदसारखे लबाड असणार, तिकडे शिक्का कोण मारणार, मंडळानं आधीच कळवायला हवं होतं, रुपराव कुचकामी आहेत. बोलत होतो, तर तिनं मान वर न करता म्हटलं, "तो आला होता. सगळ्यायच्या आधी. हात पुढं केला त्यानं, आन् म्या शिक्का शाईत बुडवलाच नाही. कोरडाच मारला."

मी विचारलं, का? मला वाटलं, म्हणेल, तुमच्यासाठी.

"मले वाटलं, एकडाव तुमचा पैला नंबर आला का या घरातली कटकट बंद होईन. कुठी बंद झाली?"

दशम्यांचं फडकं आवळून तिनं पिशवीत ठेवलं आणि आत गेली. तेव्हापासून मी एक शब्द बोललेलो नाही. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवतो आहे.