दार फळणीच्या दुसऱ्या दिवशी

अहो,

पुऱ्या डब्यात आहेत, रस्सा तेवढा गरम करून घ्या. मी पिंपळगाव राजाला आपल्या दीनाकडे जाते आहे. विचारलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं.

काल दार फळणीचा उपास. दार बंद करून आपण दिवसभर देवाजवळ माफी मागत बसलो होतो, तेव्हा दुपारी कडी वाजली. तुम्ही म्हणालात, "आज कुणालाही उघडायचं नाही." दोनदा वाजवून थांबायची सवय कुणाची, ते मला कळलं होतं. तरी मी प्रार्थनेच्या पुस्तकातून मान वर केली नाही.

आज सकाळी केसरबाई विहिरीवर म्हणाल्या, "तुमची पोरगी सांजच्या मोटारीपर्यंत पायरीवर बसून होती. दार काऊन नाही उघडलं? मी चहा देल्ला तं घेतला नाही. पाणीबी नको म्हने."

आपल्या बेने इस्राएल लोकांबाहेर लग्न केलं म्हणून तुम्ही तिचं नाव टाकलंत. पण कालचा उपास तिनं आपल्याबरोबरच धरला होता, दाराबाहेर बसून.

संध्याकाळी तिला घेऊनच येते. कडी लावू नका.

दीनाची आई