बिनपडद्याचा सतरावा मजला

तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार. (सतराव्या मजल्यावरून घातलेला नमस्कार खाली पोचायला वेळ लागतो, तेव्हा उशिराबद्दल रागावू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमच्याकडे चार दिवसांसाठी म्हणून आलेली तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, अजून तिथेच मुक्काम ठोकून आहे, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तिला हवं तितकं राहू द्या. माहेर ते माहेरच. मी इथे अगदी मजेत आहे. फक्त ती माझ्याबद्दल तुम्हाला जे काही सांगत असेल, त्याची दुसरी बाजू तुमच्या कानावर घालावी, एवढ्यासाठी हे पत्र. हॉलच्या खिडकीला पडदा लागल्याशिवाय या घरात पाऊल टाकणार नाही अशी तिची अट आहे, आणि या घरात पडदा लागणार नाही अशी माझी प्रतिज्ञा आहे. आता न्याय तुम्हीच करा. (तिच्या बाजूने केलात तरी चालेल, भाऊ आहात, पण आधी ऐकून घ्या.)

उभा जन्म मी पडदे शिवले आणि विकले, हे तुम्ही जाणता. लोकांच्या खिडक्या झाकण्यात माझे केस पिकले. जाड, झिरझिरीत, अस्तराचे, बिनअस्तराचे, चुण्यांचे, कड्यांचे. झोपेतसुद्धा मला कुणीतरी रॉड लावायला बोलावत असे. दुकान बंद केलं त्याच दिवशी ठरवलं, की आता आपल्या खिडकीला चिंधीसुद्धा लावायची नाही. हे घर घेतलं ते त्या काचेसाठी. भिंतीएवढी काच, काचेपलीकडे तळं, तळ्यामागे टेकडी, आणि मध्ये अडवायला कोणी नाही. पहिल्या दिवशी ही तिथे काचेला कपाळ टेकून इतका वेळ उभी होती, की मला वाटलं चक्कर आली की काय. तिला आवडलं होतं, दादा. हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

मग समोरच्या मोकळ्या जागेवर खड्डा पडला. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, तिथे बाग होणार आहे. खड्डा बागेच्या मानाने जरा खोल वाटला, पण मी म्हटलं मोठी झाडं लावायची असतील. (हसू नका. त्या मुलीच्या टेबलावर बागेचं चित्र होतं आणि चित्रात कारंजंसुद्धा होतं.) पुढे त्या बागेला लोखंडी सळ्या फुटल्या. मी हिला रोज धीर देत होतो की पाचव्या मजल्यावर थांबेल; पाचवा गेला तेव्हा म्हटलं, दहाच्या वर कोण बांधतं. दहावा गेल्यावर मी त्या विषयावर बोलणं सोडलं. त्यांचा सतरावा आमच्या समोर आला तेव्हा एका गवंड्याने आमच्याकडे बघून हात हलवला, आणि आम्हीही हलवला, काय करणार. आता तळं उरलंय ते न्हाणीघराच्या झरोक्यातून, स्टुलावर चढून मान डावीकडे वळवली तर. पाहुणे आले की मी त्यांना चहाआधी तिकडे घेऊन जातो. एक मावशी मात्र स्टूल बघूनच परत फिरल्या आणि घर छान आहे म्हणाल्या.

इमारत उभी राहिली आणि माणसं राहायला आली. किती जवळ म्हणाल, तर त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकून आम्ही आपला गॅस बारीक करतो. नेमक्या समोरच्या घरात एक चष्मेवाल्या बाई राहतात. बाई वाईट नाहीत. त्यांना फक्त दिसतं, आणि दिसलेलं त्यांच्या पोटात राहत नाही. एका दुपारी हिने हॉलमध्ये बसून केसांना रंग लावला. संध्याकाळी खाली भाजीच्या दुकानात त्या बाईंनी टोमॅटो दाबून बघता बघता हिला अगदी मायेनं सांगितलं, की रंग छान बसलाय, मागे डावीकडे तेवढा राहिलाय. ही घरी आली ती लालबुंद होऊन. मी मागे जाऊन बघितलं, तर खरंच राहिला होता, आणि मी तसं म्हणालो. म्हणायला नको होतं.

तेव्हापासून पडद्याचा धोशा सुरू झाला. पण मी हार मानणाऱ्यातला नव्हे, मी तोडगा काढला: काचेवर चिकटवायची आरशासारखी फिल्म. आपण आतून बाहेर बघायचं, बाहेरच्यांना फक्त स्वतःचीच तोंडं दिसणार. साबणाचं पाणी मारून, एक बुडबुडा न ठेवता, मी ती स्वतः लावली. दुपारी समोरच्या इमारतीच्या जिन्यात चढून खात्रीही करून घेतली. आमची काच नुसती चकाकत होती, आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हिला म्हटलं, आता हॉलमध्ये नाचलीस तरी कुणाला कळायचं नाही. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. दिवे लागले तशी ती खुलली, माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर चढवला, आणि त्या बाई कशा चालतात, टोमॅटो कसे दाबतात, मान लांब करून दुसऱ्याच्या घरात कशा डोकावतात, याची नक्कल तिने थेट काचेसमोर उभं राहून केली. तुमच्या बहिणीच्या अंगात ही कला आहे हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं. मी हसून हसून सोफ्यावरून खाली आलो आणि म्हणालो, पुन्हा कर. तिने पुन्हा केली.

आता त्या फिल्मची गंमत अशी, की ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूला तिचा आरसा होतो. दिवसा आरसा बाहेरून, आणि घरात दिवे लावले की आतून. म्हणजे आम्हाला काचेत आम्हीच दिसत होतो, आणि समोरच्या अख्ख्या इमारतीला आमचा खेळ दिसत होता. (झिरझिरीत पडद्याचंही हेच असतं आणि ते मी गिऱ्हाइकांना जन्मभर बजावत आलो. याची आठवण तुम्ही करून देऊ नका, हिने पुरेशी करून दिली आहे.) आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी, त्याच भाजीच्या दुकानात. बाई आल्या, हिच्याकडे बघितलं, मान लांब केली, चार पावलं अगदी हुबेहूब चालल्या, एक टोमॅटो उचलून दाबला आणि विचारलं, "बरोबर जमतंय का?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. तिथेच घात झाला, आणि ही संध्याकाळच्या गाडीने तुमच्याकडे आली.

माझं म्हणणं एवढंच, की यात पडद्याचा संबंध येतोच कुठे? इतकी माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहायची म्हटल्यावर एकमेकांना दिसणारच. आणि दिसण्याचे फायदेही असतात. परवा मी दूध गॅसवर ठेवून विसरलो, तर समोरच्या तीन खिडक्यांतून हातवारे झाले आणि दूध वाचलं. (भांडं वाचलं नाही. ते तिचं आवडतं होतं, तेव्हा हे तिला सांगू नका.) चष्मेवाल्या बाईंनाही झाल्या गोष्टीचं वाईट वाटतंय, नक्कल उत्तम होती, असं त्यांनी मला मुद्दाम थांबवून सांगितलं. त्या रोज सकाळी हिच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून हातानेच विचारतात, कुठे गेल्या? मी हातानेच सांगतो, येईल चार दिवसांत. काल समोरचे इतर लोकही विचारू लागले, म्हणून मी खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. आता कुणी विचारत नाही. सगळे नुसती मान हलवतात, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

असो. मी खंबीर आहे. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक देत जा.

आपला मेहुणा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका. ती तुमच्या खांद्यावरून आत्ता वाचत असेल, तर गोष्ट वेगळी. मग तिला एवढं कळू द्या, की फिल्म मी ती गेली त्याच रात्री खरवडून काढली आहे.

आणखी ता. क. प्रतिज्ञाही मोडली आहे. मशीन माळ्यावरून काढली, तेल घातलं, कापड आणलं. जाड आहे, अस्तरासकट. रंग लिहीत नाही, तो येऊन बघावा.

शेवटचा ता. क. दादा, माप जमत नाहीये. दोनदा घेतलं, दोन्ही वेळा वेगळं आलं. खिडकी भिंतीएवढी, एका कोपऱ्यात टेप चिकटवून मी दुसऱ्या कोपऱ्यात जातो तोवर पहिलं टोक सुटून येतं. दुकानात लोक म्हणायचे, याचं माप कधी चुकायचं नाही. ते दुसरं टोक इतकी वर्षं ती धरत होती. मला इथे तिच्यावाचून करमत नाही. तिला उद्याच्या गाडीत बसवून द्या, कापड कापायचं खोळंबलं आहे.