तिरफळांशिवायचं थँक्यू

बुधवार, मुलुंड. जेवणं आटोपल्यावर

अनिलचं काय चाललंय कळत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, नवऱ्याने कधी जेवणाला बरं म्हटलं नाही. आणि सोसायटीच्या हॉलमधलं ते ध्यानाचं शिबिर केल्यापासून रोज डोळे मिटून जेवतो, वर मला थँक्यू म्हणतो. आधी वाटलं, काहीतरी लपवतोय. फोनसुद्धा बघितला त्याचा, खोटं कशाला लिहू. काही नव्हतं.

आज बांगड्याचं तिखलं केलं आणि ज्यांच्या वासाशिवाय ते तिखलं वाटतच नाही ती तिरफळं घालायलाच विसरले. ताट वाढल्यावर बरणी ओट्यावर तशीच दिसली. पूर्वी दोनदा अशीच राहिली होती. दोन्ही वेळा हा टीव्ही बघत जेवत होता, तरी पहिल्याच घासाला म्हणाला, "तिरफळां खंय गेली?"

आज मी समोर बसून वाट बघत राहिले. हा डोळे मिटून एकेक घास चावतोय. शेवटी हात जोडले.

"थँक्यू गं. आता कसं, प्रत्येक घासाची चव कळते."

"कळली ना नीट?"

"एकदम झकास."

मी त्याचं ताट उचललं.

बरणी अजून ओट्यावरच आहे. त्याला समोर दिसेल अशी ठेवलीय मुद्दाम. दोनदा तिच्याशेजारून पाणी घेऊन गेला.

मग हा थँक्यू म्हणतो तरी कोणाला?

शुक्रवारी पुन्हा मासे करीन, त्यात मीठच घालणार नाही. एकदा कुरकुरला ना, तर मीच त्याला थँक्यू म्हणेन.